ग्रँट मागायला निघालेल्या पेंटर लोकांसाठी: आयएफए आणि बाकीच्यांचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, भांडण नंतर. गावात राहून काम करणारा चित्रकार असो, शिल्पकार असो, बोर्ड पेंटर असो नाहीतर फोटोवाला, त्याला एखाद्या ना-नफा संस्थेकडनं कामासाठी पैसे मागायचे असतील तर पहिलं दार वाजवायचं ते इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचं. बेंगळुरूची संस्था आहे, सगळे आयएफए म्हणतात. माझ्याकडनं पाचपैकी चार स्टार. एक कापलाय त्याची कारणं खाली येतीलच. बाकीच्यांबद्दलही लिहिलंय, काहींबद्दल एका ओळीत, कारण त्यांच्याबद्दल तेवढंच लिहिण्यासारखं आहे.

मी स्वतः काही मोठा आर्टिस्ट वगैरे नाही. कोल्हापुरात हायस्कूलला ड्रॉइंग मास्तर आहे. एलिमेंटरी-इंटरमीजिएट ह्या ड्रॉइंगच्या परीक्षांचा सीझन संपला की माझा दुसरा सीझन सुरू होतो, लोकांचे फॉर्म भरून द्यायचा. लॅपटॉप आहे, इंग्लिश बऱ्यापैकी आहे आणि कुणाला नाही म्हणता येत नाही, एवढ्या भांडवलावर हे काम गळ्यात पडलंय. आर्ट स्कूलमधनं नुकती बाहेर पडलेली पोरं येतात, गणपतीवाले मूर्तिकार येतात, आणि सध्या एक बोर्ड पेंटर काका येतात ज्यांच्यामुळं मी हे सगळे प्रोग्रॅम एवढे बारकाईनं वाचले.

काकांचं प्रपोजल आयएफएला गेलंय, उत्तर यायचंय. मग रिव्ह्यूची एवढी घाई कशाला असं कुणी विचारेल, तर मुद्दामच आत्ता लिहितोय. होकार आला की माणूस आरती ओवाळतो आणि नकार आला की शिव्या घालतो, ग्रँटवाल्यांबद्दल आपल्याकडं जे ऐकायला मिळतं ते सगळं ह्या दोनच प्रकारातलं असतं. अर्ज गेलाय, हातात काही नाही, अशा मधल्या काळातच जरा सरळ बोलता येतं.

संस्थेबद्दल थोडक्यात. १९९३ ला स्थापना, १९९५ पासून प्रत्यक्ष पैसे द्यायला सुरुवात, म्हणजे तीस वर्षं झाली. सरकारी नाही, कुठल्या गॅलरीची नाही, स्वतंत्र ट्रस्ट आहे आणि देशातनं कुठूनही भारतीय नागरिकाला अर्ज करता येतो. नाटक, नाच, संगीत, सिनेमा सगळं चालतं, आपण चित्रकारांपुरतं बघू. कलेवर संशोधन करणाऱ्यांसाठी एक प्रोग्रॅम, प्रत्यक्ष कला करणाऱ्यांसाठी एक, म्युझियम आणि जुने संग्रह घेऊन काम करायचं असेल तर एक, आणि शाळांसाठी एक. शाळांचा कर्नाटकापुरता आहे, कली-कलिसू नावाचा, त्यात सरकारी शाळांतले शिक्षक आणि कलाकार काम करतात. हे वाचून माझ्या पोटात दुखलं हे कबूल, आपल्याकडं शाळेत ड्रॉइंगचं पद टिकवायचीच मारामार आहे. असो.

आता मुख्य गोष्ट. इथं अर्ज कुठल्याही भारतीय भाषेत लिहिता येतो. मराठीत लिहा, इंग्लिशची सक्ती नाही. ऐकायला किरकोळ सवलत वाटते पण ज्यानं दुसऱ्यांचे फॉर्म भरलेत त्याला विचारा काय फरक पडतो ते. इंग्लिश फॉर्म असला की काका बोलणार एक, मी लिहिणार दुसरं, आणि त्यात आपोआप कम्युनिटी एंगेजमेंट, इंटरव्हेन्शन, प्रॅक्टिस असले शब्द शिरणार जे काकांच्या तोंडात जन्मात आलेले नाहीत, मग पुढं कुणी मुलाखतीला बोलावलं आणि त्यातलंच एक वाक्य वाचून दाखवून म्हटलं की हे जरा उलगडून सांगा तर काका माझ्याकडं बघणार आणि मी खिडकीबाहेर. एका संस्थेबरोबर हे असंच झालंय, नाव नको. तिथं फॉर्म इंग्लिशमध्ये, मुलाखत इंग्लिश-हिंदीत, आणि शेवटी कारण काय दिलं तर अर्जात आणि बोलण्यात मेळ दिसला नाही. कसा दिसणार ओ, अर्ज माझा होता आणि बोलणं त्यांचं.

ह्या वेळी मी फक्त टायपिंग केलं. काका बोलत गेले. दोरीला खडूची पूड लावायची, दोन टोकं दोघांनी ताणून धरायची, मधनं उचलून टाणकन सोडायची, पत्र्यावर रेघ उठते. तशी दुसरी रेघ. त्या दोन रेघांत अक्षर बसवायचं. डावीकडनं सुरुवात करायची नाही, आधी शेवटचं अक्षर कुठं संपतंय ते खडूनं ठरवायचं आणि मग मागं यायचं, नाहीतर 'स्टोअर्स'मधला शेवटचा स पत्र्याबाहेर जातो. खालचा रेड ऑक्साइडचा हात नीट वाळू दिला नाही तर वरचा इनॅमल रंग पावसाळ्यात पापुद्रे काढतो. हे सगळं आम्ही जसंच्या तसं प्रपोजलमध्ये ठेवलंय, एक शब्द मी सुधारला नाही. काकांनी स्वतः वाचलं, दोन ठिकाणी चूक काढली, सही केली. आपल्या नावानं जाणारा अर्ज माणसानं स्वतः वाचून सही करणं ही साधी गोष्ट आहे पण माझ्या ह्या फॉर्मच्या धंद्यात ती क्वचित बघायला मिळते, पोरं सुद्धा कुणाकडनं तरी लिहून आणतात आणि हल्ली तर एआयकडनं.

काकांचं म्हणणं असं की फ्लेक्सच्या आधीचे हातानं रंगवलेले दुकानांचे, तालमींचे, पिठाच्या गिरण्यांचे बोर्ड जिथं अजून टिकून आहेत त्यांची नोंद करायची, ज्यांनी ते रंगवले त्यातले जे हयात आहेत त्यांच्याकडनं अक्षरांची वळणं कागदावर उतरवून घ्यायची, आणि चार पोरांना हाताशी धरून पेठेतल्या तयार असतील त्या दुकानांना परत हातानं बोर्ड करून द्यायचे. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर ह्या जुन्या चित्रकारांचं नाव घेऊन आम्ही कोल्हापूरकर छाती फुगवतो, बाबूराव तर नाटकाचे पडदे रंगवत रंगवत सिनेमापर्यंत पोचले, पण त्याच गावात परवापर्यंत पडदे आणि बोर्ड रंगवणारी माणसं आता काय करतात हे कुणी विचारत नाही. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं तेव्हा सगळं गाव रडलं, खरं रडलं, मी पण. इमारत उभी करायला पैसे जाहीर झाले आणि व्हायलाच पाहिजे होते. पण तिथं पडदे रंगवणाऱ्या हातांची नोंद करायला एक रुपया कुठल्या खात्यातनं मागायचा ते मला अजून सापडलेलं नाही.

मग आलो बजेटवर, आणि खरं भांडण तिथं झालं. काका म्हणाले, "सर, पत्रा लिहा, प्रायमर लिहा, इनॅमल लिहा, ब्रश लिहा, रिक्षाभाडं लिहा." मी म्हटलं, काका तुमची मजुरी राहिली. "माझं काय लिहायचं, मी घरचाच की." मी म्हटलं पोरांना शिकवणार, लोकांकडं हिंडणार, बोर्ड करणार, तेवढे दिवस बाहेरचं काम घेणार नाही, मग घरी काय देणार? त्यावर गप्प. शेवटी म्हणाले, "पण मग देणाऱ्याला वाटंल ह्यो पैशासाठीच करतोय."

हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय. आणि चूक त्यांची नाही, आपल्याकडच्या बहुतेक प्रोग्रॅमनी त्यांना हेच शिकवलंय. साहित्याचं बिल द्या, देतो. प्रवासाचं तिकीट द्या, देतो. हॉल फुकट देतो, शाल-श्रीफळ देतो, सर्टिफिकेट देतो, पेपरात फोटो येईल. कलाकाराच्या दिवसाची किंमत मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही. आयएफएनं आधी ज्या ज्या कामांना पैसे दिले त्यांची वर्णनं वेबसाइटवर आहेत, प्रत्येकात काम काय, कशाकशावर खर्च होणार, शेवटी संस्थेला काय काय सादर करायचं हे लिहिलेलं असतं. त्यात मानधन असतं. प्रवास, राहणं, फोटो, छपाई ह्यांच्याबरोबर हिशेबनीसाची फी सुद्धा धरलेली दिसते. मी त्यातली काही पानं प्रिंट काढून काकांसमोर ठेवली, मराठीत सांगितली, तेव्हा कुठं गडी तयार झाला. मग एका बोर्डाला सध्या काय घेता, त्याला दिवस किती लागतात, असं करत करत दिवसाचा दर काढला. तरी मी पाणी प्यायला उठलो तेवढ्यात त्यांनी पेन्सिलनं आकडा खाली आणलेला होता.

माझं मत स्पष्ट आहे, ग्रँट देणारा कसा आहे हे बघायचं तर रकमेचा आकडा नंतर बघा, आधी बजेटच्या तक्त्यात कलाकाराच्या स्वतःच्या मजुरीला जागा आहे का ते बघा आणि अर्ज आपल्या भाषेत चालतो का ते बघा. ह्या दोन्हीवर आयएफए पास. चार स्टार त्याचेच.

आता कापलेला स्टार. पहिलं म्हणजे ह्यांना नुसतं चांगलं काम दाखवून भागत नाही, कामामागं काहीतरी शोध पाहिजे, प्रश्न पाहिजे. मला पन्नास लँडस्केप करायचीत, कॅनव्हास आणि फ्रेमला पैसे द्या, असं म्हणाल तर ही जागा तुमची नाही. ह्यात वाईट काही नाही, त्यांचं धोरण आहे, पण आपल्याकडचा मोठा वर्ग लँडस्केप आणि पोर्ट्रेटवाला आहे, पंचगंगेच्या घाटावर सकाळी बसून अप्रतिम जलरंग करणारी माणसं आहेत, त्यांचा हात बोलतो पण त्यांना 'तुमचा प्रश्न काय' विचारलं तर ते म्हणतील प्रश्न कसला, ऊन बघा की. त्यांनी जायचं कुठं? दुसरं, बांधकाम, संस्थेचे पगार असल्या गोष्टींना इथं पैसे नाहीत, त्यामुळं स्टुडिओला पत्रे घालायचेत, गळतं छप्पर नीट करायचंय असं काही असेल तर विसरा. तिसरं, लिहायला खूप लागतं. मराठीत असलं तरी लागतंच. का, कसं, कुणाबरोबर, किती दिवस, शेवटी हातात काय येणार, सगळं. हे लिहिताना बरोबर कुणीतरी बसणारा लागतो आणि तो प्रत्येक गावात नसतो. चौथं, संस्था एक आणि देश केवढा, त्यामुळं स्पर्धा तगडी आहे, हे धरूनच चाला. शंका असेल तर प्रपोजल लिहायच्या आधीच त्यांच्याशी बोलून घ्यावं. ते फुकट आहे आणि लाजायचं कारण नाही.

आणि पैसे मिळाले की संपलं असं नाही हे पण डोक्यात ठेवा. अहवाल, बिलं, फोटो, रेकॉर्डिंग, सगळं द्यावं लागतं आणि ते त्यांच्या संग्रहात जातं. मला ही गोष्ट आवडली. काकांनी जमवलेली अक्षरांची वळणं माझ्या लॅपटॉपवर राहिली तर लॅपटॉप गेला की गेली, त्यापेक्षा बेंगळुरूत एका जागी राहिलेली बरी जिथं पुढं कुणी अभ्यासक परवानगी घेऊन बघू शकतो.

खरी जळजळ मला दुसऱ्याच गोष्टीची झाली. आयएफएचा प्रोजेक्ट ५६० म्हणून एक प्रोग्रॅम आहे, २०१४ पासून. बेंगळुरूचा पिनकोड ५६० नं सुरू होतो म्हणून ते नाव. शहरातल्याच गल्ल्या, मोहल्ले, बाजार, जुन्या जागा घेऊन कलाकारांनी काम करायचं. म्हणजे आपल्या पेठेवर काम करायला पैसे. आता आमचा पिन बघा, ४१६. ह्या तीन आकड्यांत काय काय येतं? कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, मिरज, खाली सावंतवाडी आणि कुडाळ. मिरजेत सतार-तंबोऱ्याचे भोपळे कोरणारे आणि त्यावर नक्षी करणारे कारागीर. सावंतवाडीत गंजिफाचे पत्ते आणि लाकडी खेळणी. कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्या, तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली आणि त्यांनी गोठ्याचं म्युझियम केलंय. शिवाय आमचे बोर्डवाले, पडदेवाले, तालमींच्या भिंतींवर हनुमान काढणारे. एवढा माल एका पिनकोडच्या पोटात आहे आणि प्रोजेक्ट ४१६ काढणारी एकही संस्था नाही. बेंगळुरूनं आपल्यासाठी काढावा अशी अपेक्षा नाही, त्यांनी त्यांच्या गावासाठी केलं, आम्ही आमच्यासाठी करायला पाहिजे होतं. साखर कारखाने आहेत, फाउंड्री आहेत, दूध संघ आहेत, सूतगिरण्या आहेत, पैशाला तोटा नाही.

इथं लोक लगेच म्हणतात, मग सीएसआर आहे की, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी खर्च करायचा पैसा. आहे. पण तो कसा चालतो ते बघा म्हणजे कळेल चित्रकार त्यात का बसत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटी आहे तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. कशावर करायचे त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. त्यात राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती यांचं जतन आहे, पारंपरिक कला आणि हस्तकलांना प्रोत्साहन आहे. म्हणजे जुनं देऊळ, किल्ला, वारली, पैठणी, कोल्हापुरी चप्पल ह्यांना दार उघडं. आज जिवंत असलेला, आजचं काम करणारा चित्रकार त्या शब्दांत ओढूनताणून बसवावा लागतो आणि कंपनीचा अकाउंट्सवाला कशाला ओढाताण करेल, तो सरळ शाळेला बेंच देतो, मोकळा होतो. तसं कायद्यात हे पण आहे की कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, त्यामुळं स्थानिक कलाकारांसाठी एखादा छोटा फंड काढणं अगदीच अशक्य नाही, फक्त प्रस्ताव जतन-संवर्धनाच्या भाषेत लिहावा लागतो. बोर्डांच्या नोंदीचं काम त्यात बसेल असं मला अजूनही वाटतं.

एका कंपनीत आम्ही हेच घेऊन गेलो होतो. साहेब चांगले होते, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले उत्तम कल्पना आहे, आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर स्वच्छतेचा संदेश आणि वर आमचा लोगो असं काकांकडनं करून घेऊ. रेट विचारला. स्क्वेअर फुटाचा. काकांनी सांगितला, कारण धंदा म्हणून ते कामही चांगलंच होतं, आणि केलंही नीट. पण ते झालं काम. ग्रँट नव्हे.

दुसरा एक घोळ २०२० पासूनचा. परदेशी देणग्यांचा कायदा, एफसीआरए, त्यात बदल झाला. आधी मोठी संस्था परदेशातनं आलेला पैसा खालच्या छोट्या संस्थांना पोचवू शकायची, ते बंद झालं. ऑफिस चालवायच्या खर्चाची मर्यादा ५० वरनं २० टक्क्यांवर आणली. हेतू काही असो, गावपातळीवर जी दोन माणसांची संस्था दिल्ली-मुंबईतल्या मोठ्या संस्थेच्या आधारावर पोरांची वर्कशॉप घ्यायची तिच्या नळाचं पाणीच तुटलं. त्यामुळं तालुक्याच्या गावातनं कुणी विचारलं की सर जवळपास कुठली संस्था पैसे देते का, तर मला थेट मोठ्यांचीच नावं सांगावी लागतात.

तर ती नावं, पटापट.

फिका, म्हणजे फाउंडेशन फॉर इंडियन कंटेम्पररी आर्ट, दिल्ली, २००७ पासून. वढेरा आर्ट गॅलरीशी जोडलेली आहे. तरुण कलाकारांसाठी इमर्जिंग आर्टिस्ट अवॉर्ड देतात, सार्वजनिक ठिकाणच्या कलेसाठी पब्लिक आर्ट ग्रँट पण दिलेली आहे. मांडणी एकदम व्यवस्थित, पण जेजे, बडोदा, शांतिनिकेतन असल्या नावाजलेल्या आर्ट कॉलेजांतनं बाहेर पडलेल्यांना ही भाषा आधीच येते, बाकीच्यांना शिकावी लागते. तीन स्टार, साडेतीन म्हणा.

खोज, दिल्ली, १९९७. खिडकी एक्स्टेन्शन नावाच्या वस्तीत त्यांची जागा आहे आणि आजूबाजूच्या वस्तीबरोबर काम करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. आर्ट कॉलेजमधनं नुकतीच बाहेर पडलेली पोरं असतील तर त्यांची पीअर्स नावाची रेसिडेन्सी बघा, म्हणजे तिथं राहून काम करायचं. माझ्याकडं येणाऱ्या पोरांना मी पहिल्यांदा हेच सांगतो, कारण त्या वयात पैशापेक्षा चार वेगळी डोकी भेटणं जास्त उपयोगाचं. पण घर सोडून महिनाभर दिल्लीत राहायचं म्हणजे ज्यांच्या घरी म्हशी आहेत किंवा आईचं आजारपण आहे त्यांना जमत नाही. मुलींच्या बाबतीत घरून परवानगीचं वेगळंच महाभारत, त्यावर परत कधीतरी.

इनलॅक्स शिवदासानी, तरुणांसाठी फाइन आर्ट अवॉर्ड. नाव मोठं, उपयोग मोठा, अर्ज इंग्लिश. ज्याचं काम जोरात आहे आणि इंग्लिशची भीती नाही त्यानं सोडू नये.

प्रफुल्ला डहाणूकर आर्ट फाउंडेशन. हे आपल्या जवळचं, मुंबईचं. प्रफुल्लाताई मूळच्या गोव्याच्या, १९३४ चा जन्म, २०१४ ला गेल्या, आयुष्यभर तरुण चित्रकारांच्या मागं उभ्या राहिल्या. त्यांच्या नावानं कलानंद ही स्पर्धा आणि ग्रँट चालते. राज्याराज्यांतनं निवड होते ही मला आवडलेली गोष्ट, नाहीतर सगळी बक्षिसं मुंबई-दिल्ली-बडोदा ह्या त्रिकोणात फिरतात. लँडस्केपवाल्यांनो, पोर्ट्रेटवाल्यांनो, तुमचं दार हे. प्रश्न विचारत नाहीत, काम बघतात. फक्त ही मुळात स्पर्धा आहे हे लक्षात ठेवा, म्हणजे झालेल्या कामाला शाबासकी मिळते, पुढं करायच्या कामाचा खर्च आधी मागण्याची ही जागा नाही. चार स्टार देतो, आपला माणूस म्हणून अर्धा जास्त दिलाय असं कुणी म्हटलं तर ऐकून घेईन.

बॉम्बे आर्ट सोसायटी, १८८८ ची. वार्षिक प्रदर्शन, बक्षिसं, बेंद्रे-हुसेन ह्या चित्रकारांच्या नावाची स्कॉलरशिप. मान मोठा. पण कोल्हापूरहून चित्र पॅक करा, ट्रान्सपोर्टला टाका, निवड नाही झाली की परत आणा, ह्यात होणारा खर्च बक्षिसाच्या आशेवर करायचा असतो. राज्य कला प्रदर्शनाची गत वेगळी नाही, ते सरकारी आहे म्हणून इथं लांबण लावत नाही.

परदेशातलं एकच सांगतो, न्यूयॉर्कचं पोलॉक-क्रासनर फाउंडेशन. ली क्रासनर ही चित्रकार १९८४ ला गेली, तिच्या मालमत्तेतनं १९८५ ला सुरू झालं. जगभरातल्या चित्रकार, शिल्पकार, प्रिंटमेकर यांना देतात आणि कामाबरोबर पैशाची गरज किती आहे ते पण बघतात. गरज बघतात हे वाचून मी दोनदा वाचलं, आपल्याकडं गरज आहे म्हटलं की अर्जाचं वजन कमी होतं. फोटोग्राफी आणि व्हिडिओवाल्यांना नाही. आधी प्रदर्शनं झालेली असली पाहिजेत, त्यामुळं नवख्यांनी वेळ घालवू नये, पन्नाशीतल्या अनुभवी माणसानं मात्र इंग्लिशसाठी कुणाला तरी धरून जरूर प्रयत्न करावा.

गोव्यातल्या मित्रांनी सेरेंडिपिटीकडं लक्ष ठेवावं. २०१६ पासून डिसेंबरात पणजीत फेस्टिव्हल होतो आणि त्या फाउंडेशनचे कलाकारांसाठी वेगळे ग्रँट आणि रेसिडेन्सी पण निघत असतात.

आता ज्यांना शून्य स्टार द्यायचेत ते. इन्स्टावर रोज एक इंटरनॅशनल आर्ट कॉन्टेस्ट येते. एंट्री फी भरा, सगळ्यांना सर्टिफिकेट, ट्रॉफी पाहिजे तर वेगळे पैसे, कुरियरचे वेगळे, कलारत्न, कलाभूषण असली पदवी पाहिजे तर आणखी वेगळे. ज्युरी कोण ते सांगत नाहीत, किंवा सांगतात आणि ती माणसं कुणाला माहीत नसतात. माझ्या वर्गातल्या पोराच्या वडिलांनी अशा एका ठिकाणी भरलेल्या पैशात वर्षाचे रंग आले असते. साधी खूण सांगतो, पैसा कुठल्या दिशेनं वाहतोय ते बघा. नावाजलेल्या सोसायट्या पण प्रवेश शुल्क घेतात, ते ठीक आहे, पण तिथं मागच्या वर्षी कुणाला मिळालं, काय काम होतं, किती रक्कम दिली हे बघायला मिळतं. जिथं प्रत्येकालाच बक्षीस मिळतं तिथं बक्षीस तुम्ही विकत घेतलेलं असतं.

अर्ज करणाऱ्यांसाठी माझ्या अनुभवातलं थोडं. फोटो चांगले काढा. पंख्याखाली, ट्यूबलाइटमध्ये, अर्ध्या चित्रावर स्वतःची सावली पडलेला फोटो पाठवला तर वाचणारा पुढचं पान उघडत नाही. सकाळी सावलीत, सरळ समोरनं, बस. बजेटमध्ये गोल आकडे टाकू नका, दुकानातनं कोटेशन घ्या, ते पुढं हिशेबालाही उपयोगी पडतं. प्रत्येक खरेदीचं पक्कं बिल मागा, आमच्या काकांचा रंगवाला पहिल्यांदा बिल मागितल्यावर त्यांच्याकडं असा बघत राहिला जसं काही उधारी बुडवायला आलेत. मानधनातनं बहुतेक वेळा १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर, कापला जातो, ती फसवणूक नाही, रिटर्न भरलं आणि उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असलं की परत मिळतो, फक्त रिटर्न भरायला लागतं.

आणि कागदपत्रं आधी बघून ठेवा. काकांचं पॅनवरचं नाव एक, पासबुकावरचं दुसरं, आधारवर वडिलांचं नाव अर्धंच. गावात सगळे ज्या नावानं ओळखतात आणि जे नाव शेकडो बोर्डांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सही म्हणून आहे ते तर यातल्या एकाही कागदावर नाही. बँकेत, सेतू केंद्रात आणि परत बँकेत असे हेलपाटे सध्या चालू आहेत, सोमवारी परत बोलावलंय.